डावखुऱ्यांसाठी माऊस: जागा, बटणं आणि उजव्या हाताची कामं

संगणकासमोर डावखुरं माणूस बसलं की आजूबाजूचे जाणकार लगेच सांगतात, 'सेटिंगमध्ये जाऊन बटणं उलटी करून घे.' सल्ला बरोबर आहे, फक्त तो पहिल्या पायरीचा नाही. माऊस टेबलावर नेमका कुठे बसणार, त्याचा आकार डाव्या हाताला मानवतो का, आणि मशीन तुमचं एकट्याचं आहे की चौघांचं, हे आधी बघायचं. बटणं त्यानंतर. आणि बटणं उलटी केल्यावरही एक काम शिल्लक राहतं, त्याबद्दल सहसा कुणी बोलत नाही. माऊस डावीकडे गेला की उजवा हात रिकामा होतो. त्या हाताला नीट कामाला लावलं तरच डाव्या हाताच्या माऊसचा खरा फायदा मिळतो, नाहीतर दिवसभर नुसती हातांची धावपळ.

एमएस-सीआयटीला नुकतेच बसलेले, नोकरीच्या पहिल्याच दिवशी उजवीकडे ठेवलेला माऊस बघून अडखळलेले, आणि डावखुऱ्या मुलांचे आईवडील, अशा सगळ्यांना डोळ्यासमोर ठेवून हे लिहितोय. बहुतेकांना नवीन काही विकत घ्यावंही लागणार नाही.

## आधी हात ठरवा

डावखुरं असणं म्हणजे प्रत्येक काम डाव्याच हाताने, असं नसतं. सचिन तेंडुलकर लिहितो डाव्या हाताने, पण बॅटिंग आणि बोलिंग उजव्या हाताची. सांगलीत वाढलेली स्मृती मानधना मुळात उजव्या हाताची, फलंदाजी मात्र डावखुरी. माऊसचंही तसंच आहे. डाव्या हाताने लिहिणारे कितीतरी लोक उजव्या हाताने माऊस सहज चालवतात, कारण शाळेच्या लॅबमध्ये तो उजवीकडेच होता आणि हाताला तेच वळण लागलं. त्यातून आपल्याकडे जेवायला आणि प्रसाद घ्यायला उजवा हात पुढे करायची सवय घरातूनच लावलेली असते. त्यामुळे बऱ्याच डावखुऱ्यांचा उजवा हात अगदीच अडाणी नसतो.

म्हणून छोटी परीक्षा घ्या. पेंट उघडा. आधी उजव्या हाताने माऊस धरून एक गोल काढा आणि त्यात आपलं नाव लिहा, मग माऊस डावीकडे नेऊन तेच करा. बटणं अजून उलटी करू नका, आहे तेच बटण दाबा. नाव दोन्हीकडे वेडंवाकडंच येईल, त्याकडे लक्ष नको. हात कुठे अडखळतोय, खांदा कुठे आखडतोय, कोणत्या हाताला नजर न टाकता पडद्यावरचा बाण हवा तिथे नेता येतो, एवढं बघा. उजव्या हाताने वर्षानुवर्षं विनातक्रार काम करत असाल तर केवळ डावखुरे आहात म्हणून बदलायची काही गरज नाही. पण उजवा हात लवकर थकत असेल, बारीक कामात बाण सटकत असेल किंवा तुम्ही आत्ताच शिकायला सुरुवात करत असाल, तर डावीकडूनच सुरू करा.

लहान मुलांच्या बाबतीत याहून सोपं. माऊस किबोर्डच्या पुढे, बरोबर मध्ये ठेवा आणि काही न बोलता बघा कोणता हात पुढे येतो. जो येईल तो येऊ द्या. डावखुऱ्या मुलाने उजव्या हाताने माऊस धरला तरी 'अरे, तू डावखुरा आहेस ना' म्हणून सुधारायला जाऊ नका. पूर्वी हात बदलायला लावायचे, आता उलट्या बाजूने तेच करायचं कशाला?

## माऊस डावीकडे नेताना

हे वाचायला इतकं सोपं वाटतं की लोक थेट पुढे जातात आणि मग वायर आखूड पडते.

डेस्कटॉप असेल तर सीपीयूचा डबा कोणत्या बाजूला आहे ते बघा. तो बऱ्याचदा उजवीकडे खाली असतो आणि माऊसची वायर टेबलाच्या मागच्या भोकातून येऊन उजव्या कडेने बाहेर निघते. ती तशीच ओढून किबोर्डवरून डावीकडे आणली की टाइप करताना बोटांत येते आणि माऊसला मागे खेचत राहते. वायर मॉनिटरच्या मागून फिरवून घ्या. पुरत नसेल तर डब्याच्या पुढच्या बाजूचं यूएसबी पोर्ट वापरा, किंवा यूएसबीची छोटी एक्स्टेन्शन वायर लावा. वायरलेस माऊस असेल तर हा प्रश्नच येत नाही. फक्त त्याचा चिमुकला रिसीव्हर बाहेरच्या हार्ड डिस्कला किंवा पेनड्राइव्हला अगदी चिकटून लावू नका. यूएसबी ३ च्या उपकरणांमुळे २.४ गिगाहर्ट्झवर चालणाऱ्या माऊसला अडथळा येऊ शकतो आणि बाण धक्के खात चालतो.

दुसरी अडचण टेबलाची. बाजारात मिळणाऱ्या साध्या कॉम्प्युटर टेबलाला किबोर्डसाठी बाहेर सरकणारा ट्रे असतो. किबोर्ड त्यात डावीकडे ढकललेला आणि उजवीकडे माऊसपुरती जागा, अशी रचना सगळीकडे दिसते. किबोर्ड उजवीकडे सरकवला की डावीकडे तेवढीच जागा होते, पण मग अक्षरांचा भाग शरीरासमोर राहत नाही आणि मान वळवून टाइप करावं लागतं. अशा वेळी ट्रे सोडून द्या, किबोर्ड आणि माऊस दोन्ही वर टेबलावर घ्या. खुर्ची थोडी उंच करा, म्हणजे कोपर साधारण काटकोनात राहील. पाय लटकायला लागले तर खाली पाट ठेवा.

इथे डावखुऱ्यांना एक गोष्ट आयती मिळते. पूर्ण आकाराच्या किबोर्डवर आकड्यांचा भाग उजवीकडे असतो. 'जी' आणि 'एच' या कळांच्या मधली रेघ शरीराच्या मध्यावर आणली, तर डावीकडे किबोर्ड साधारण १४ सेंटिमीटर उरतो आणि उजवीकडे ३० च्या आसपास. म्हणजे उजव्या हाताने माऊस धरणाऱ्याला दर वेळी आकड्यांचा अख्खा भाग ओलांडून हात बाहेर न्यावा लागतो. डावीकडचा माऊस मात्र जवळच असतो आणि कोपर अंगालगत राहतं. उजवा खांदा दुखतो म्हणून चांगले उजव्या हाताचे लोकही माऊस डावीकडे नेतात, ते यामुळेच.

माऊस हाताच्या कोपरापासूनच्या रेषेत ठेवा. उजवीकडे असताना तो जसा किंचित डावीकडे कललेला असतो, तसा आता उजवीकडे कलेल. मनगट वाकवून तो सरळ उभा धरायचा प्रयत्न करू नका.

## माऊसचा आकार

घरात किंवा ऑफिसात असलेला माऊस आधी डोळ्यांच्या पातळीवर धरून मागून बघा, म्हणजे तळहात टेकतो त्या बाजूने. डावा आणि उजवा अर्धा भाग सारखा दिसला, तर तो दोन्ही हातांचा. डाव्या बाजूला अंगठ्यासाठी खोबण आणि उजवी बाजू फुगीर असेल तर तो फक्त उजव्या हातासाठी बनवलेला आहे. तो डाव्या हातात धरला की खोबण करंगळीखाली येते आणि अंगठा फुगवट्यावर घसरतो. चालतो का? चालतो, पण तासाभरात हात अवघडतो.

गंमत म्हणजे स्वस्तातले साधे माऊस बहुतेक दोन्ही बाजूंनी सारखेच असतात. लॉजिटेकचा बी१०० किंवा वायरलेसमधला एम१८५ हे असेच, आणि काही शे रुपयांत मिळतात. महागड्या, 'हाताच्या आकाराप्रमाणे घडवलेल्या' माऊसमध्येच डावखुऱ्यांची गैरसोय सुरू होते, कारण तो आकार उजव्या हाताचा असतो आणि डाव्यासाठी वेगळा साचा बनवावा लागतो. लॉजिटेकचा एमएक्स मास्टर डावखुऱ्यांनी मोहात पडून घेऊ नये. उभा माऊस, म्हणजे हस्तांदोलन करताना हात असतो तसा धरायचा, हवा असेल तर खास डाव्या हाताचा मागावा लागतो. लॉजिटेकच्या 'लिफ्ट' नावाच्या उभ्या माऊसची डावी आवृत्ती २०२२ मध्ये आली, इव्होल्युएंटच्या उभ्या माऊसचीही डावी आवृत्ती आहे. ट्रॅकबॉलमध्ये, म्हणजे जागचा न हलवता वरचा गोळा फिरवून बाण चालवायच्या माऊसमध्ये, गोळा मधोमध असेल, जसा केन्सिंग्टनच्या ऑर्बिटमध्ये असतो, तर दोन्ही हातांना चालतो. अंगठ्याने फिरवायचा गोळा असेल तर तो जवळपास नेहमी उजव्या हाताचाच.

दुकानात एक गोष्ट आवर्जून तपासा: बाजूची बटणं. काही माऊस आकाराने अगदी सारखे असतात, पण डाव्या कुशीवर दोन बारीक बटणं असतात, उजव्या हाताच्या अंगठ्यासाठी. माऊस डाव्या हातात आला की तीच बटणं अनामिका आणि करंगळीखाली येतात. त्यातलं एक ब्राउझरमध्ये 'मागे जा' असं सांगणारं असतं. अर्धा ऑनलाइन फॉर्म भरून झालाय, माऊस जरा घट्ट धरला, करंगळी दाबली गेली आणि पान मागे. कधीकधी भरलेली सगळी माहिती पुसलेली. असा माऊस आधीच घरात असेल तर त्याच्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये जाऊन ती बटणं बंद करा किंवा त्यांना दुसरं निरुपद्रवी काम द्या. सॉफ्टवेअर नसेल तर बाजूच्या बटणांशिवायचा माऊस बरा.

## आता बटणं

दोन मार्ग आहेत. एक, बटणं उलटी करायची, म्हणजे मुख्य क्लिक अंगठ्याशेजारच्या बोटाने, तर्जनीने होतो. दोन, काहीही न बदलता मुख्य क्लिक मधल्या बोटाने करायचा.

मशीन फक्त तुमचं असेल तर उलटी करा. तर्जनी हे बारीक कामाचं बोट आहे, दिवसभराच्या क्लिकसाठी तेच हवं. पण कॉलेजच्या लॅबमध्ये, महा-ई-सेवा केंद्रात, ऑफिसच्या सामायिक काउंटरवर वेगवेगळ्या मशीनवर बसायचं असेल, तर मधल्या बोटाची सवय लावून घेणं शहाणपणाचं. अशा माणसाला जगातला कुठलाही संगणक चालतो, नुसता माऊस उचलून डावीकडे ठेवायचा. एकदा कुठला तरी मार्ग निवडला की काही दिवस तोच ठेवा. सकाळी उलटी, दुपारी सुलटी असं केलं की बोटं गोंधळतात.

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज उघडा, डावीकडच्या यादीतून 'ब्लूटूथ अँड डिव्हायसेस' निवडा, त्यात 'माऊस'. अगदी वर 'प्रायमरी माऊस बटन' दिसेल, तिथे 'लेफ्ट'च्या जागी 'राइट' करा. विंडोज १० मध्ये हेच 'डिव्हायसेस'मध्ये आहे. जुन्या पद्धतीची खिडकी हवी असेल तर विंडोज आणि आर या कळा एकत्र दाबा, उघडलेल्या चौकटीत इंग्रजी अक्षरांत 'मेन', मग टिंब, मग 'सीपीएल' असं मध्ये जागा न सोडता टाइप करून एंटर मारा. 'बटन्स' या टॅबवर पहिलाच पर्याय अदलाबदलीचा आहे.

इथे नवखे हमखास घाबरतात. बदल निवडल्या क्षणीच लागू होतो, 'ओके' म्हणायचीही वाट बघत नाही. त्यामुळे पुढचा क्लिक तुम्ही सवयीने जुन्याच बटणाने करता आणि खिडकी बंद होण्याऐवजी एक भलताच मेनू उघडतो. काही बिघडलेलं नाही. एस्केप दाबा आणि दुसऱ्या बटणाने क्लिक करा.

मॅकवर सिस्टिम सेटिंग्जमध्ये 'माऊस' उघडा. ॲपलचा मॅजिक माऊस असेल तर 'सेकंडरी क्लिक' पुढे 'क्लिक लेफ्ट साइड' निवडायचं. हा माऊस आकाराने दोन्ही हातांचा आहे. लिनक्समध्ये, उबंटूसारख्या गनोम डेस्कटॉप असलेल्या प्रणालीत, सेटिंग्जमधल्या 'माऊस अँड टचपॅड' मध्ये 'प्रायमरी बटन' हाच पर्याय मिळतो. क्रोमबुकवर 'डिव्हाइस' या भागात 'माऊस'.

लॅपटॉपचा टचपॅड मध्येच असतो, त्याला फारसं काही करावं लागत नाही. एका बोटाची टकटक म्हणजे क्लिक, दोन बोटांची म्हणजे दुसरं बटण. हात कोणताही असो.

बटणं उलटी केल्यानंतर एक छोटं भाषांतर डोक्यात चालू ठेवावं लागतं. क्लासमध्ये सर किंवा यूट्यूबवरचा माणूस 'राइट क्लिक करा' म्हणाला की तुम्ही डावीकडचं बटण दाबायचं. पहिले काही दिवस त्रास होतो. शिकवणाऱ्यांना माझी विनंती आहे की वर्गात 'मुख्य बटण' आणि 'मेनूचं बटण' असं म्हणा, दोघांचीही सोय होते. आणि डावखुऱ्या विद्यार्थ्याला माऊस धरायला दाखवताना शेजारी उभं न राहता समोर बसा. तुमचा उजवा हात त्याला आरशातल्यासारखा दिसतो, तो आपोआप डाव्या हाताने तसंच करतो.

## वेग, डबल क्लिक, ओढणं

सुरुवातीला बाणाचा वेग कमी ठेवा. विंडोजच्या त्याच माऊस पानावर वेगाची पट्टी असते. नवा हात वेगवान बाणामागे धावला की प्रत्येक चिन्हाच्या पुढे निघून जातो. हात बसला की वेग हळूहळू वाढवा.

डबल क्लिक जमत नसेल तर जुन्या खिडकीत 'बटन्स'वरच डबल क्लिकच्या वेगाची पट्टी आहे आणि शेजारी फोल्डरचं चित्र. पट्टी 'स्लो' कडे सरकवा आणि फोल्डरवर दोनदा दाबून बघा, उघडला की जमलं. त्याच टॅबवर 'क्लिकलॉक' नावाची सोय आहे. बटण क्षणभर दाबून धरलं की ते 'दाबलेलं' राहतं, मग बोट उचलून वस्तू ओढत न्यायची आणि पुन्हा क्लिक करून सोडायची. ज्येष्ठांना आणि ज्यांच्या डाव्या बोटांत अजून जोर आलेला नाही त्यांना ही फार उपयोगी पडते.

## उजव्या हाताला कामाला लावा

माऊसचे जनक डग्लस एंगेलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोत आपली संगणक प्रणाली लोकांसमोर दाखवली, तेव्हा त्यांच्या उजव्या हातात माऊस होता आणि डावा हात पाच कळांच्या एका छोट्या पट्टीवर. एका हाताने दाखवायचं, दुसऱ्याने हुकूम द्यायचा. ती पट्टी पुढे मागे पडली, पण विचार टिकला. ॲपलच्या लिसा आणि मॅकिंटॉश या संगणकांच्या काळात, १९८३-८४ च्या सुमारास, रद्द, काप, कॉपी आणि चिकटव यांसाठी झेड, एक्स, सी, व्ही या ओळीने लागून असलेल्या कळा आल्या. त्या डाव्या कोपऱ्यात आहेत, म्हणजे उजवा हात माऊसवर असताना डाव्याने दाबता येतात. डावखुऱ्याने माऊस डावीकडे नेला की हीच सोय अडचण बनते. कॉपी करायला माऊस सोडा, कंट्रोल-सी दाबा, पुन्हा माऊस पकडा. दिवसातून शेकडो वेळा.

यावरचं उत्तर किबोर्डच्या उजव्या बाजूला आधीपासून आहे. आयबीएमने १९८७ मध्ये कळांचे जे नियम ठरवले, त्यातल्या या जोड्या विंडोजने फार पूर्वीच घेतल्या आणि आजही चालतात:

कॉपी: कंट्रोल आणि इन्सर्ट.
चिकटवणं: शिफ्ट आणि इन्सर्ट.
कापणं: शिफ्ट आणि डिलीट.

उजवीकडचा कंट्रोल, उजवीकडची शिफ्ट, आणि इन्सर्ट-डिलीट तर उजवीकडेच. डाव्या हाताने माऊसने मजकूर निवडा, उजव्याने कंट्रोल-इन्सर्ट, डाव्याने नव्या जागी क्लिक, उजव्याने शिफ्ट-इन्सर्ट. हात जागचे हलत नाहीत. वर्ड, एक्सेल, नोटपॅड, क्रोम, सगळीकडे करून बघा.

एक धोका मात्र लाल शाईने लिहून ठेवा. शिफ्ट-डिलीट हे मजकुरासाठी 'कापणं' आहे, पण फोल्डरमध्ये एखादी फाइल निवडलेली असताना तेच दाबलं तर विंडोज ती फाइल कायमची काढून टाकायला निघतं. रिसायकल बिनमध्येही जात नाही. मध्ये एक प्रश्न विचारतं, पण घाईत आपण एंटर मारतो. म्हणून फाइल्स हलवताना हे वापरूच नका, ओढून न्या किंवा मेनूतून कापा.

दुसरी किरकोळ कटकट अशी की इन्सर्ट चुकून एकटीच दाबली गेली, तर काही प्रोग्रॅममध्ये नवीन टाइप केलेलं अक्षर पुढचं अक्षर खाऊन टाकतं. पुन्हा एकदा इन्सर्ट दाबली की थांबतं. बऱ्याच लॅपटॉपवर इन्सर्ट वेगळी नसते, ती दुसऱ्या एखाद्या कळेवर बारीक अक्षरांत असते आणि 'एफएन' सोबत दाबावी लागते. अशा लॅपटॉपवर दिवसभर काम असेल तर बाहेरून पूर्ण किबोर्ड जोडणं जास्त बरं.

उजव्या हाताची आणखी हक्काची कळ म्हणजे उजव्या आल्ट आणि कंट्रोलच्या मधली, छोट्या मेनूचं चित्र असलेली. ती दाबली की दुसऱ्या बटणाचा मेनू उघडतो. माऊसचं दुसरं बटण दाबायला बोट वळत नसेल तर हा उत्तम पर्याय. २०२४ पासून आलेल्या काही लॅपटॉपवर त्या जागी कोपायलटची, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या एआय मदतनिसाची, कळ बसवली आहे, तिथे शिफ्ट आणि एफ१० दाबा, काम तेच. एंटर, बॅकस्पेस, डिलीट, बाणांच्या कळा, होम, एंड, पेज अप, पेज डाउन, हे सगळं उजवीकडेच आहे. रद्द करण्यासाठी मात्र उजव्या हाताला सोयीची जोडी सगळीकडे नाही. माऊसला जास्तीची बटणं असतील तर त्यातल्या एकाला हे काम द्या.

आणि आकड्यांचा भाग. इथे डावखुरा माणूस खरोखर पुढे जातो. एक्सेलमध्ये बिलं, हजेरी, मार्क भरणाऱ्याचं काम बघा. उजव्या हाताच्या माणसाला चौकट निवडायला माऊस, आकडा भरायला माऊस सोडून उजवीकडचे आकडे, पुन्हा माऊस, असं सारखं करावं लागतं. डावखुऱ्याचा डावा हात माऊसवर आणि उजवा आकड्यांवर कायमचा बसलेला. चौकटीवर क्लिक, आकडा, एंटर, पुढची चौकट. ऑटोकॅड या नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये मापं घालतानाही हाच फायदा. उजवा हात आकड्यांवर न बघता चालेल एवढा सराव करा. पाचच्या कळेवर एक बारीक उंचवटा असतो, मधलं बोट तिथे ठेवायचं आणि बाकीचे आकडे त्यावरून शोधायचे.

मराठी टाइप करणाऱ्यांसाठी एक जाता जाता. इनस्क्रिप्ट या देवनागरी किबोर्डच्या मांडणीत स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्याला. म्हणजे डावा हात माऊसवर राहिला तर 'क' येतो, 'की' येत नाही. सलग लिहिताना माऊसला हातच लावू नका. बाणांच्या कळांनी फिरा, शिफ्ट धरून निवडा, आणि सगळं लिहून झाल्यावर माऊसकडे जा.

## सराव कशावर

कामाच्या फाइलवर सराव करू नका. पत्त्यांचा सॉलिटेअर १९९० मध्ये विंडोज ३.० सोबत आला आणि माऊसने वस्तू ओढायची सवय कितीतरी लोकांना त्यानेच लावली. आजही ओढण्या-सोडण्याचा त्यापेक्षा चांगला सराव नाही. सुरुंग शोधायचा माइनस्वीपर १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये आला, त्यात दोन्ही बटणं लागतात. एकाने चौकोन उघडायचा, दुसऱ्याने झेंडा लावायचा. बटणं उलटी केल्यावर कोणतं कुठलं हे बोटांना याहून लवकर कुणी शिकवत नाही, कारण चुकलं की सुरुंग फुटतो.

वेगवान गेम खेळणाऱ्यांना मात्र मेहनत आहे. बहुतेक गेममध्ये हालचाल डब्ल्यू, ए, एस, डी वर असते. माऊस डावीकडे असेल तर गेमच्या सेटिंगमधून ती बाणांवर किंवा आय, जे, के, एल वर न्या. दुसरी जोडी जास्त चांगली, कारण आजूबाजूला इतर हुकुमांसाठी भरपूर कळा मिळतात.

मनगटात मुंग्या येत असतील, दुखणं रात्रीही राहत असेल, तर सराव थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. नव्या हाताला थोडा कंटाळा येणं वेगळं, हे वेगळं.

## चौघांत एक संगणक असेल तर

घरच्या संगणकावर आपलं वेगळं खातं उघडा. विंडोजमध्ये बटणांची अदलाबदल खात्यानुसार असते, त्यामुळे तुमच्या खात्यात बटणं उलटी आणि बाबांच्या खात्यात सुलटी, दोघंही खूश. एकच खातं वापरायचं असेल तर ती अदलाबदल जोडलेल्या सगळ्या माऊसना एकदम लागू होते, दुसरा माऊस जोडून सुटका होत नाही.

पण एक पळवाट आहे. गेमिंगसाठीच्या बऱ्याच माऊसमध्ये स्वतःची छोटी स्मृती असते. कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून त्या माऊसचीच बटणं उलटी करून आतच साठवता येतात. मग विंडोजमध्ये काहीही न बदलता एकाच संगणकाला डावीकडे तुमचा उलटा माऊस आणि उजवीकडे दुसऱ्याचा नेहमीचा, असे दोन्ही एकदम चालतात. तोच माऊस बॅगेत टाकून दुसरीकडे नेला तरी तिथेही उलटाच चालतो. ऑफिसात रोज मशीन बदलणाऱ्यांनी यावर पैसे खर्च करायला हरकत नाही. केडीई डेस्कटॉप वापरणाऱ्या लिनक्समध्ये तर सेटिंगमधूनच प्रत्येक माऊससाठी वेगळं ठरवता येतं.

## अडलात तर

संगणक नुकताच सुरू केलाय, पासवर्डच्या पडद्यावर क्लिक लागत नाही? तुमचं खातं अजून उघडलेलं नाही, त्यामुळे तिथे बटणं सुलटीच आहेत. दुसरं बटण दाबा किंवा सरळ टाइप करून एंटर मारा.

फोनवरून मदत करणाऱ्या माणसाला, किंवा दुसऱ्या गावाहून तुमचा पडदा ताब्यात घेऊन दुरुस्ती करणाऱ्याला, बटणं उलटी असल्याचं सुरुवातीलाच सांगा. नाहीतर तो क्लिक करत राहतो, मेनू उघडत राहतात आणि दोघंही एकमेकांना 'तुमच्याकडे काहीतरी गडबड आहे' म्हणत राहता. दोन्ही टोकांना बटणं उलटी असतील तर कधीकधी दोनदा उलटून पुन्हा सुलटी होतात, तेही लक्षात ठेवा.

पडद्यावरचा बाण डावीकडे कललेला असतो, उजव्या हाताच्या बोटासारखा. काहींना तो डाव्या हातात खटकतो. मायक्रोसॉफ्टने डावखुऱ्यांसाठी उजवीकडे कललेल्या बाणांचा संचही काढलेला आहे. तो उतरवून घ्या, मघाच्या जुन्या खिडकीत 'पॉइंटर्स' टॅबवर जा, 'ब्राउज' करून एकेक बाण बदला आणि शेवटी 'सेव्ह ॲज' म्हणून आपल्या नावाने साठवा. टॅबलेट किंवा टचस्क्रीन लॅपटॉपवर पेन वापरत असाल, तर पेनच्या सेटिंगमध्ये कोणत्या हाताने लिहिता असा प्रश्न असतो. तिथे डावा हात निवडला की उघडणारे मेनू हाताखाली झाकले जात नाहीत.